आमच्या कुत्र्याचं नाव हाड

ये बाई, अशी जवळ येऊन बस. आणि तोंडावरचा तो स्कार्फ आधी सोड. त्या दिवशी बुलढाण्याच्या दवाखान्यात, वरच्या मजल्यावरच्या बाकावर तू माझ्या शेजारी बसली होतीस, डोळे तेवढे उघडे आणि बाकी सगळं तोंड गुंडाळलेलं. मी विचारलं, घरच्यांना काय होतंय. तू म्हणालीस, "पित्त." अगं, पित्ताचे डॉक्टर खालच्या मजल्यावर बसतात. वरती, त्या हिरव्या दारापुढं, पित्तवाला कोणी जिना चढून येत नाही. तुझा नवरा बाक रिकामा असून बसला नव्हता. भिंतीला पाठ लावून, जिन्याकडं तोंड करून उभा होता. मी म्हटलं, हा फौजी आहे, आणि ही पोर उगीच पित्ताच्या मागं लपते आहे.

रागावू नकोस, मी मोठी आहे तुझ्याहून, तेवढा हक्क आहे माझा. ते पित्त आमच्याकडंही पाहुणं म्हणून बरंच राहून गेलं आहे, म्हणून लगेच ओळखलं. तुला काही सांगावं तोवर तुमचा नंबर पुकारला आणि तू गेलीस. तर जे तेव्हा राहिलं ते आता लिहिते, दवाखान्यातून कागद पोचेल तुझ्याकडं. शाळेत मी फार गेले नाही. माझी लेक वंदना पहिलीत होती तेव्हा तिच्याच पुस्तकावरून वाचायला शिकले. म्हणून जसं बोलते तसंच कागदावर उतरतं. तूही तसंच ऐक, भाजी निवडता निवडता.

शिट्टी काढलेला कुकर

आमचे हे फौजेत हवालदार होते. पेन्शनीवर आले तशी उंद्रीला आमच्या घरच्या वावरात भाजीपाला करायला लागले. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, बांधावर तूर. गावात लहानथोर त्यांना हवालदारच म्हणतात. मला नवऱ्याचं नाव घ्यायची सवय नाही, त्यामुळं मीही हवालदारच म्हणते.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग हळूहळू एकेक गोष्ट घरातून कमी व्हायला लागली. लग्नाच्या पंगतीला जाणं बंद झालं, कारण पंगतीत पाठीमागून वाढपी येतात. बाजार बंद झाला. न्हाव्याकडं जाणं बंद झालं, तिथंही माणूस मागं उभा राहतो. झोप म्हणशील तर भिंतीला टेकून बसल्या बसल्या. कुकरची शिट्टी झाली की हातातला घास खाली पडायचा. मी शिट्टी काढून फळीवर ठेवून दिली आणि वरण पातेल्यात शिजवायला लागले. वरण काही वाईट होत नाही पातेल्यात, जरा उशीर होतो एवढंच.

पण वावरातल्या शिट्टीचं काय करणार? आमच्या भागात सांज झाली की रोही येतात, म्हणजे नीलगाई. घोड्याएवढं जनावर, कळपानं उतरतं आणि उभं पीक तुडवून जातं. त्यांना हाकलायला लोक फटाके लावतात. आमच्या वावराला लागून दिनकरभाऊजींचं वावर, हवालदारांचे चुलतभाऊ ते. एका सांजेला त्यांनी सुतळी बॉम्ब लावला आणि हवालदार वांग्यांच्या वाफ्यात पालथे पडले, दोन्ही हात डोक्यावर. दिनकरभाऊजी मनानं वाईट नाहीत, पण तोंडाला कुलूप नाही. बांधावरून म्हणाले, "काय हवालदार, रोही तुमच्यावर गोळ्या झाडून राह्यले का बापा?" हवालदार उठले, कपडे झटकले, मोडलेली वांग्यांची झाडं काडीला बांधत बसले. त्या दिवसापासून सांजेचं वावरात जाणं बंद.

वरती बर्फाच्या चौकीवर काय झालं होतं ते मी तुला सांगणार नाही. अर्धं मला माहीत नाही आणि जे माहीत आहे ते त्यांचं आहे. तूही तुझ्याला खोदून विचारू नकोस.

काकणं

मला खरी भीती वाटली ती दिवाळीत. वंदना देऊळगाव राजाला दिलेली, नवीन लग्न, माहेरी आली होती. हवालदार जेवत होते, ती मागून चटणी वाढायला वाकली आणि तिच्या हातून ताट निसटलं. स्टीलचं ताट फरशीवर पडल्यावर कसं वाजतं ते तुला माहीत आहे. हवालदार गर्रकन वळले आणि तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट की काकणं फुटली.

वंदना ओरडली नाही. तिनं फक्त "बाबा" म्हटलं, आणि त्यांनी हात सोडला. मग ती खाली बसून काचा वेचायला लागली आणि हवालदार आपल्या पंजांकडं बघत राहिले, जसे कोणी दुसऱ्याचे हात आणून लावले आहेत. त्यानंतर ते वेगळे जेवायला लागले. कोणाला हातात हात म्हणून द्यायचे नाहीत. शेजारच्या लेकराला कडेवर घ्यायचे ते घेईनात. मी विचारलं तर एवढंच म्हणाले, "माह्या हाताचा भरोसा नाही."

माझ्या जावेनं कुठूनसा अंगारा आणून दिला. एकानं सांगितलं बाहेरचं आहे. एकानं सांगितलं पित्त आहे, आलं-लिंबू द्या. मी आलं-लिंबू दिलं. निदान चहा तरी चांगला झाला. शेवटी वंदनाच मनगटाला पट्टी बांधून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, बुलढाण्याले चला. नाही तर मी सासरी जात नाही." लेकीनं सासरी न जाणं कोणत्या बापाला परवडतं? आले बिचारे.

डॉक्टरांची खुर्ची

उंद्रीहून चिखली, चिखलीहून बुलढाणा, सगळी वाट हवालदार गाडीत शेवटच्या सीटवर कोपऱ्यात बसले होते. घाट चढताना माझ्या कानांना दडे बसले, त्यांचं तोंड घामेजलं. मी पर्समध्ये वेलदोडे नेले होते, कशासाठी ते मलाच माहीत नाही.

डॉक्टरीणबाई अगदी लहान पोर वाटली, वंदनाच्याच वयाची. पेशंटच्या खुर्चीवर बसलं की पाठ दाराकडं होते. हवालदार बसले खरे, पण मान सारखी मागं. तिनं ते हेरलं. मग उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही तिकडं बसा, माझ्या खुर्चीत. तिथून दार दिसतं." आणि स्वतः पेशंटच्या खुर्चीवर बसली.

तेवढ्यात काय झालं ऐक. बाहेरून एक म्हातारबाबा नंबर न बघता आत शिरले. त्यांनी बघितलं, मोठ्या खुर्चीत भरदार मिशांचा माणूस बसलेला. हात जोडून त्यालाच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मले रातभर झोप येत नाही."

हवालदार म्हणाले, "मलेबी नाही येत."

डॉक्टरीणबाई तोंडावर हात धरून हसली, म्हातारबाबा गोंधळून बाहेर गेले, आणि मला वाटलं, इथं काहीतरी होईल. तिनं बरंच विचारलं, बरंच ऐकलं. आजाराचं नाव लांबलचक सांगितलं, ते मी लिहीत नाही, तुझ्याही कागदावर तेच असेल. मला लक्षात राहिलं ते हे: हे वेड नाही, भ्याडपणा नाही, आणि बाहेरचं तर मुळीच नाही. माणूस घरी आला, पण अंगाला अजून कोणी कळवलं नाही की ड्यूटी संपली. ते अजून पहाऱ्यावर आहे.

हवालदारांनी एकच प्रश्न विचारला. "हाताचा भरोसा येईन का मॅडम?"

ती म्हणाली, येईल, वेळ लागेल. गोळ्या घ्यायच्या, मधूनमधून इथं येऊन बोलायचं. आणि तिसरं म्हणजे घरात असं एखादं रोजचं काम शोधायचं, जे तुमच्यावाचून अडेल. हे तिसरं मला काही कळलं नाही. आमच्या घरात तर सगळी कामं माझ्यावाचून अडायची.

मग सुरू झाल्या खेपा. त्या बाकाची तुलाही आता ओळख झाली आहे. सुरवातीला गोळ्यांनी त्यांना गुंगी यायची, तोंड कोरडं पडायचं, आणि दर दोन दिवसांनी "सोडून देतो" म्हणायचे. सोडू देऊ नकोस. जे काय त्रास होईल ते डॉक्टरला सांगायचं, ती बदलून देते. आणि खाली कॅन्टीनला पोहे चांगले मिळतात, तर्री वरून मागून घ्यायची. दवाखान्याच्या दिवशी घरी स्वयंपाक करून निघायचं नाही, हा माझा नियम. तेवढी एक चैन बाईमाणसाला पाहिजे.

हाड

त्या उन्हाळ्यात आमच्या मोरीपाशी एक पिल्लू येऊन बसायला लागलं. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. मोरीचं सांडपाणी चाटायचं. मला लहानपणी कुत्रं चावलेलं, मला ती जातच नको. पण दारात उपाशी जीव बघवतही नाही. म्हणून मी काय करायची, शिळी भाकर घ्यायची, लांब उकिरड्याकडं भिरकवायची आणि वरून म्हणायची, "हाड!" म्हणजे तिकडंच खा, इकडं येऊ नको. सकाळी भाकर आणि हाड, सांजेला भाकर आणि हाड.

एक दिवस माझी जाऊ, दिनकरभाऊजींची बायको, आमच्याकडं येऊन बसली होती, वातींसाठी कापूस वळत. पिल्लू दारात आलं. ती म्हणाली, "हाड." पिल्लू शेपूट हलवत आत आलं. ती जोरात म्हणाली, "हाड, हाड!" ते धावत येऊन तिच्या मांडीवर चढलं. ती उठून बाजेवर चढली, कापूस घरभर, आणि जसजशी ती हाड म्हणते तसतसं ते दोन पायांवर उभं राहून बाजेवर उड्या मारतं. मीही झाडणी घेऊन हाड म्हणायला लागले, तर त्याला दोन्हीकडून आनंद झाला.

भिंतीपाशी बसलेले हवालदार म्हणाले, "अवो, कितीक बोलावता त्याले? तू त्याले हाड म्हणते अन् भाकर टाकते. त्याले वाटते, त्याचं नावच हाड हाय."

आणि हसले. असे हसले की मिशा भिजल्या. बाई, मी त्या घरात हसणं विसरले होते कसं असतं ते. जाऊ बाजेवर उभी राहून "मले उतरवा न वो" म्हणत होती आणि मी झाडणी हातात धरून नवऱ्याकडं बघत होते.

नाव बदलायचा प्रयत्न मी केला. मोती म्हटलं, राजा म्हटलं. तो आपला दुसऱ्याच कोणाला बोलावतात असं समजून मागं वळून बघायचा. शेवटी हाडच राहिलं. चिखलीला जनावरांच्या दवाखान्यात इंजेक्शन द्यायला नेला, तिथल्या माणसानं विचारलं, नाव काय. हवालदार म्हणाले, हाड. तो म्हणाला, अहो हाकलता काय त्याला, नाव विचारतोय मी.

भाकर टाकायचं काम हवालदारांनी माझ्याकडून घेतलं. मग हाड दुसऱ्या कोणाच्या हातचं खाईना. हवालदार उठले नाहीत तर तो उपाशी बसायचा, डोळे लावून. मला तेव्हा डॉक्टरीणबाईंचं तिसरं आठवलं. हे घ्या, सापडलं तुमच्यावाचून अडणारं काम, आणि तेही माझ्याच शिळ्या भाकरीनं.

त्याला फिरवायला म्हणून हवालदार गावात निघायला लागले. आता गल्लीत काय व्हायचं, कोणी आपल्या दारातल्या कुत्र्याला हाड म्हटलं की ती सगळी पळायची आणि आमचा तेवढा त्यांच्या घरात शिरायचा. मग हवालदारांना मागं जावं लागायचं, माफी मागावी लागायची, नावाची गोष्ट सांगावी लागायची. लोक हसायचे, चहा ठेवायचे. ज्या माणसाच्या तोंडून मी आठवड्यात चार वाक्यं काढायची, तो गावभर तीच गोष्ट सांगत हिंडायला लागला. दर वेळी जावेची उडी थोडी उंच व्हायची. एक दिवस तर तिला माळ्यावर चढवली.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे त्याला कळायचं. कोणी शिकवलं नव्हतं. डॉक्टरीणबाई म्हणाली, काही ठिकाणी फौजींसाठी कुत्री मुद्दाम शिकवून तयार करतात. आमचा तर मोरीचं पाणी पिऊन वाढलेला. पण हवालदारांचा श्वास बदलला, हात कापायला लागले, की हा ताटलीतलं सोडून यायचा आणि त्यांच्या पावलांवर सगळा भार टाकून बसायचा. पाठ त्यांच्याकडं, तोंड दाराकडं. ते केसांत बोटं घालून बसायचे आणि हळूहळू श्वास जागेवर यायचा. मग एक दिवस मी बघितलं, दुपारचे हवालदार बाजेवर आडवे झोपलेत. आडवे, कुशीवर, भिंतीकडं तोंड करून. दाराकडं पाठ. आणि उंबऱ्यात हाड बसलेला, एक कान उभा. मला नंतर म्हणाले, "पहाऱ्याले दुसरा जवान भेटला. आता मले सुट्टी."

डॉक्टरीणबाईंना हे सांगितलं तर त्यांनी हाडसाठी बिस्किटाचा पुडा दिला, पण हेही बजावलं की कुत्रा आहे म्हणून गोळी सोडायची नाही. दोन्ही पाहिजे. तूही हे लक्षात ठेव.

रोही

हाड मोठा झाला तसा वावरात रोह्यांच्या मागं लागायला लागला. फटाक्यांना ती जनावरं आता सरावली होती, आवाज झाला की मान वर करून बघायची आणि परत चरायची. पण हाड भुंकत गेला की सगळा कळप बांध ओलांडून पार.

दिनकरभाऊजी एक दिवस घरी आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. मग म्हणाले, "हवालदार, तुमचा हाड सांजच्याले माह्याबी वावरात येईन का?"

हवालदार म्हणाले, "तो एकला येत नाही. त्याच्यासंगं मले यावं लागते. अन् मी आलो का फटाके बंद."

"बंद म्हणजे बंद," दिनकरभाऊजी म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "तवाच कराले पाहिजे होते."

तर असं झालं. ज्या वेळेला हवालदारांनी वावर सोडलं होतं, त्याच वेळेला काठी घेऊन ते दोन्ही वावरांच्या बांधावरून फिरायला लागले, पुढं हाड. आजूबाजूच्या वावरवाल्यांनीही बघून फटाके सोडले. आमच्या शिवारात सांज आता शांत असते. येशील तेव्हा बघशील.

पहिलं बाळंतपण

मग वंदनाला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिच्या सासूबाईंनी फोनवर गोड बोलून सुचवलं, की तुमच्याकडं हवालदारांची तब्येत, तुम्हाला उगीच दगदग, इथंच करू. मला राग आला. त्यांनाही ती फुटलेली काकणं कुठूनतरी कळली असणार. आणि घरात बघते तर हवालदारही तेच म्हणाले. "तिकडंच होऊ दे. लहान जीव. मी इथं असताना नको."

मी म्हटलं, आता तर तुम्ही बरे आहात. ते म्हणाले, "बरा हाय. भरोसा नाही अजून."

वंदनानं कोणाचंच ऐकलं नाही. सातवा सरला तशी नवऱ्याला घेऊन पिशवीसकट येऊन उभी राहिली. म्हणाली, "माहं माहेर बदललं असं मले कोणी कळवलं नाही." हाडनं तिच्या चपला वास घेऊन घेऊन ओल्या केल्या. हवालदारांनी आपली बाज उचलली आणि मागच्या टिनाच्या शेडमध्ये नेली. हाडची पंचाईत झाली. अर्धा वेळ शेडमध्ये, अर्धा वेळ वंदनाच्या खोलीपुढं. पाळी लावल्यासारखा.

चिखलीच्या दवाखान्यात मुलगी झाली. चिमी म्हणतो आम्ही तिला. घरी आणली तेव्हा हवालदारांनी उंबऱ्यातून बघितलं, दोन्ही हात पाठीमागं बांधून, परेडमध्ये विश्राममध्ये उभे राहतात तसे. मी म्हटलं, घ्या न. म्हणाले, हात मातीचे आहेत. दुसऱ्या दिवशी हात ओले होते. मग हाताला तंबाखूचा वास होता. रोज नवीन कारण, आणि नात वाढते आहे. वंदना मात्र, बाप खोलीपुढून गेला की, पोरीचं तोंड मुद्दाम दाराकडं करून धरायची. मी तुला सांगते, त्या आजारानं आमचं बरंच काही नेलं होतं, पण आजा आणि नात यांच्यामध्ये तो येऊन बसला ते मला सगळ्यात जास्त लागलं. तेवढं मिळालं असतं तर बाकीचं मी सोडून दिलं असतं.

आणि एक सांज अशी आली. मी चुलीपुढं भाकरी थापत होते, वंदना न्हाणीत केस धूत होती, चिमी ओसरीत पाळण्यात झोपलेली. हवालदार वावरातून येऊन अंगणात पाय धूत होते. आमच्या मागच्या गल्लीत लग्न होतं. वरात येणार हे माहीत होतं, पण ती आमच्याच भिंतीपाशी थांबेल हे माहीत नव्हतं. तिथं त्यांनी लड लावली. लांबलचक, संपेचना.

मी बघितलं, हवालदार भिंतीला धरून खाली बसले. तोंड पांढरं. त्याच वेळी चिमी किंचाळत उठली. माझे दोन्ही हात पिठानं भरलेले, आणि मला कळेना आधी कुणाकडं धावू.

हाड नेहमीसारखा हवालदारांकडं गेला, पावलांवर बसला. पण चिमी रडत होती. तो उठला, पाळण्यापाशी गेला, परत आला, परत गेला. मग पाळण्याच्या पायाला अंग घासून तिथंच बसून राहिला, आणि तेव्हा हवालदारांना दिसलं ते मलाही दिसलं. हाड कापत होता. शेपूट पोटाखाली, दोन्ही कान पडलेले. इतक्या जवळ फटाके त्यानं कधी ऐकलेच नव्हते. शिवार तर त्यानंच शांत केलेलं. भीत होता, पण पाळणा सोडत नव्हता.

हवालदार त्याला म्हणाले, "अरे, तूबी भेला का?"

आणि उठले. भिंत धरून उठले, पण उठले. पाळण्यापाशी गेले, पाठीमागचे हात पुढं आणले आणि चिमीला उचललं. हाडला म्हणाले, "चल माह्या मागं." तिघं आतल्या खोलीत गेले. हवालदार भिंतीला टेकून खाली बसले, पोरगी छातीशी, हाड पावलांवर. बाहेर लड वाजतच होती. त्यांचे हात थरथरत होते, मला दारातून दिसत होतं. पण थरथरत्या हातांनाही पोर नीट धरता येत होती. चिमी हुंदके देत देत थांबली आणि त्यांची मिशी धरून बसली.

वंदना ओल्या केसांनी धावत आली. बघितलं, आणि घाई न करता त्यांच्या शेजारी जाऊन बसली. आपला हात त्यांच्या दंडावर ठेवला. काकणं वाजली. ते दचकले नाहीत.

म्हणाले, "जड हाय वो पोरगी."

माझ्या सगळ्या भाकरी त्या दिवशी करपल्या. हाडला मिळाल्या.

चिमीचा पहिला शब्द

हवालदार अगदी पहिल्यासारखे झाले असं मी तुला सांगणार नाही. एक गोळी अजून चालू आहे. दिवाळीत आम्ही दारं लावून, बाहेरचा आवाज दबावा म्हणून कुकरला शिट्ट्या काढत बसतो. हो, शिट्टी फळीवरून खाली आली. काही दिवस वाईट जातात, पण ते जातात. बाज शेडमधून घरात आली आहे.

चिमी आता बोलायला लागली. तिचा पहिला शब्द काय असेल यावर दोन्ही घरांत चढाओढ होती. मागच्या महिन्यात तिच्या देऊळगावच्या आजीबाई आल्या, बालाजीचा प्रसाद घेऊन, नवीन लुगडं नेसून. चिमी आजोबांच्या कडेवर होती. विहीणबाईंनी दोन्ही हात पसरले आणि म्हणाल्या, ये माझी बाय, ये. चिमीनं त्यांच्याकडं बघितलं, तोंडभर हसली, दोन्ही हात पुढं केले आणि स्वच्छ म्हणाली, "हाड!"

विहीणबाईंचे हात तसेच हवेत. मग हवालदार म्हणाले, "विहीणबाई, या. आमच्या घरी ज्याच्यावर लई जीव असते, त्यालेच असं बोलावतात." आणि हाड बाजेखालून बाहेर येऊन विहीणबाईंच्या नवीन लुगड्यावर चढला, कारण त्याला तर बोलावलंच होतं.

तर बाई, तुझ्या घरच्याला घेऊन ये. चिखलीहून गाडी मिळते, उंद्रीला उतरून कोणालाही विचार, हाडवाले हवालदार कुठं राहतात. आमच्या घरी भिंतीला टेकून, दाराकडं तोंड करून बसायच्या जागा भरपूर आहेत, त्याला कोणी काही विचारणार नाही. सांजेला दोघं बांधावर फिरून येतील, आपण तोवर वांग्याची भाजी आणि भाकरी करू. स्कार्फ घरी ठेवून ये. आणि दारात हाड अंगावर धावून आला तर घाबरून त्याला हाड म्हणू नकोस, तो मांडीवरच येऊन बसेल. नाही तर असं कर, म्हणच. घरच्याला हसताना बघायचं असेल तर चांगलं जोरात म्हण. पण लवकर ये, रस्त्याकडं डोळे लावून बसलो आहोत आम्ही सगळे.